बांधायचे पैसे, चालवायचे पैसे

(मंडळाच्या वासंतिक व्याख्यानमालेत आपल्या भागाच्या माजी आमदारांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



निवडून येत होतो तेव्हा भोपाळचं अर्थसंकल्पी अधिवेशन संपलं की मी याच सभागृहात येऊन हिशेब द्यायचो. काय मागितलं, काय मिळालं, काय नाही मिळालं. आता निवडून येत नाही, पण सवय सुटलेली नाही. अजूनही मागण्यांची जाडजूड पुस्तकं मिळवून वाचतो. घरात म्हणतात, आता कोण विचारतंय तुम्हाला? खरं आहे. पण तुम्ही बोलावलंत, म्हणून आज पुन्हा हिशेब. यात माझ्या स्वतःच्या चुकांचाही हिशेब आहे, तो तेव्हा दिला नव्हता.

वर येताना जिन्याशी संगमरवरी पाटी दिसली असेल. तिच्यावर माझं नाव आहे. वरच्या मजल्यावरचं वाचनालय माझ्या विधायक निधीतून झालं. त्या दिवशी फीत कापली, फोटो निघाले, पुरणपोळी झाली. वर्षभराने एका गुरुवारी संध्याकाळी मी सहज आलो तर वाचनालयाला कुलूप. जिन्यात आपल्या एक काकू बसलेल्या, हातात परत करायची दोन पुस्तकं. मला लहानपणापासून ओळखणाऱ्या. म्हणाल्या, "काय रे, खोली बांधलीस ते छान केलंस. पण उघडायला कोणी ठेवलं नाहीस?"

उत्तर नव्हतं. ग्रंथपालाला पगार द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, आणि माझ्या निधीतून पगार देता येत नव्हता. निधी आमदाराचा असो की खासदाराचा, नियम साधारण एकच आहे. कायम टिकणारी वस्तू उभी करायची. खोली, रस्ता, शेड, सभामंडप. पगार नाही, वीजबिल नाही, दुरुस्ती नाही. खासदार निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा एका खासदाराच्या वाट्याला पाच लाख होते, आज वर्षाला पाच कोटी आहेत. एवढी वर्षं देशभर त्यातून खोल्या बांधल्या जाताहेत. त्यातल्या किती उघड्या असतात हे ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन पाहावं.

मला आज जे सांगायचंय ते या कुलपावरून सुचलेलं आहे. सरकारी पैशात दोन जाती आहेत. एक बांधायचा पैसा, एक चालवायचा पैसा. कागदावर त्यांना भांडवली आणि महसुली म्हणतात. बांधायच्या पैशासाठी सगळे भांडतात, कारण त्याला पाटी लागते. चालवायच्या पैशाला पाटी नसते, म्हणून त्याच्यासाठी भांडायला सभागृहात फारसं कोणी उभं राहत नाही. मीही राहिलो नव्हतो, किंवा फार उशिरा राहिलो.

आता थोडं विधानसभेचं सांगतो, कारण आमदार तिथे नेमकं काय करतो याबद्दल आपल्या लोकांत बरेच गैरसमज आहेत. सरलेल्या २०२५-२६ सालचा मध्य प्रदेशचा अर्थसंकल्प ४ लाख २१ हजार कोटींचा होता. आकडा ऐकून वाटतं, एवढ्यातून आपल्या भागाला चार कोटी मिळायला काय अडचण आहे? पण सरकारचा पैसा हा मुलांच्या शाळेची फी, घराचा हप्ता, आईची औषधं सगळं वजा केल्यावर उरलेल्या पगारासारखा असतो. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचं व्याज हे आधीच ठरलेलं. भांडण होतं ते उरलेल्यावर.

आणि त्या भांडणात आमदाराच्या हातात काय असतं? हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. आपल्या घटनेच्या २०३ व्या कलमाप्रमाणे विधानसभा एखाद्या खात्याची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू शकत नाही. एक रुपयासुद्धा नाही. मागणी सरकारच मांडणार, राज्यपालांच्या शिफारशीने. मग आपल्या भागाच्या नळासाठी जास्त पैसे हवे असतील तर आमदाराने करायचं काय? त्याने कटौती प्रस्ताव द्यायचा, मराठीत ज्याला कपात सूचना म्हणतात. म्हणजे, या खात्याच्या मागणीत शंभर रुपये कमी करावेत, असं लिहून द्यायचं आणि त्या निमित्ताने उभं राहून पाण्याचं गाऱ्हाणं मांडायचं. पैसे जास्त हवेत म्हणून शंभर रुपये कमी मागायचे. ही पद्धत इंग्रजांकडून आली आणि आपण ती सोडली नाही.

मी एकदा नगरीय विकास खात्याच्या मागणीवर असाच प्रस्ताव दिला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा छोट्या पत्रात दोन ओळी आल्या की अमुक आमदारांनी खात्याच्या निधीत कपात मागितली. रविवारी मी घरी आलो तर शेजारचे काका दारातच. "आम्ही तुला पाणी आणायला पाठवलं, आणि तू आहे तेही कमी करायला निघालास?" त्यांना समजवता समजवता चहा दोनदा गरम करावा लागला. शेवटपर्यंत पटलं नाही त्यांना.

प्रस्ताव देऊनही बोलायला मिळेलच असं नाही. ठरलेल्या दिवसांत मोजक्या खात्यांवर चर्चा होते. वेळ संपला की उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकामागून एक मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. हजारो कोटी रुपये ‘हो’च्या आवाजात काही मिनिटांत मंजूर होतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्री जेवण गेलं नाही. नंतर सवय झाली. सवय झाली याचंच आता वाईट वाटतं.

आता नर्मदेकडे येतो, कारण इंदुरात पैशाची गोष्ट पाण्याशिवाय पूर्ण होत नाही.

आपल्यातल्या साठीच्या पुढच्यांना १९७० सालचं आंदोलन आठवत असेल. तेव्हा शहराची तहान बिलावली तलाव आणि होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंतसागर यांच्यावर भागत होती, आणि भागत नव्हती. नर्मदा इंदुरात आणा म्हणून सगळ्या पक्षांचे लोक, विद्यार्थी, व्यापारी रस्त्यावर आले. मी शाळकरी होतो. वडिलांचं बोट धरून राजवाड्यापाशी गेलो होतो, घोषणा काय होत्या ते आठवत नाही, गर्दी आठवते. मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांच्या सरकारने योजना मान्य केली आणि १९७८ मध्ये पाणी आलं. त्या दिवशी आमच्या वाड्यातल्या बायकांनी नळाला हळदकुंकू लावलं होतं.

पण ते पाणी येतं कसं? मंडलेश्वरजवळ जलूद आहे, इथून सुमारे सत्तर किलोमीटर. तिथे नर्मदेतून पाणी उपसायचं आणि विंध्याचा चढ चढवून माळव्याच्या पठारावर आणायचं. चारशे मीटरहून जास्त उंच. पाणी आपणहून वर चढत नाही. ते विजेने चढतं, रात्रंदिवस, दररोज. वाहिनी एकदा टाकली की टाकली, विजेचं बिल मात्र दर महिन्याला कोट्यवधींचं येतं. पुढे दुसरा टप्पा झाला, तिसरा टप्पा आशियाई विकास बँकेच्या कर्जातून झाला, आता केंद्राच्या अमृत योजनेतून चौथ्याची तयारी आहे. प्रत्येक टप्प्याला भूमिपूजन झालं. प्रत्येक टप्प्याने बिल वाढवलं. आपण भरतो ती पाणीपट्टी या पंपांच्या विजेलाही पुरत नाही. बाकीचे पैसे कुठून येतात हे आपण विचारत नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर कोणी सांगतही नाही.

ते येतात शहराच्या दुसऱ्या कामांमधून. कसे, ते सांगतो. पूर्वी शहराच्या वेशीवर चुंगी नाके होते. ट्रक थांबायचा, पावती फाटायची, ते उत्पन्न थेट नगरनिगमाचं. चुंगी उठली त्याला कित्येक दशकं झाली. तेव्हा राज्य सरकार म्हणालं, तुमचं नुकसान आम्ही भरून देऊ. तीच चुंगी क्षतिपूर्ती. ती आजही भोपाळहून येते. पण नगरनिगमाकडे वीजबिल थकलं असेल तर सरकार ती रक्कम या क्षतिपूर्तीतून आधीच कापून घेतं आणि उरलेले पाठवतं. म्हणजे जलूदच्या पंपाने खाल्लेली वीज आपल्या गल्लीतल्या नालीच्या सफाईतून, दिव्यांतून, ठेकेदाराच्या थकलेल्या बिलातून वसूल होते. पार्षद बिचारा जोनवर जाऊन ओरडतो, जोनवाले म्हणतात वरून पैसे आले नाहीत. दोघंही खोटं बोलत नसतात.

या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली ती सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर नगरनिगमाने २४४ कोटींचे हरित रोखे काढले, सव्वाआठ टक्के व्याजाने, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनाही ते घेता येत होते. मागणी त्याच्या कितीतरी पट आली. हे पैसे जलूदजवळच्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी होते, पंपांचं वीजबिल कमी व्हावं म्हणून. माझ्या आठवणीत शहराने कर्ज काढलं ते बहुतेक काहीतरी नवं दाखवायला. रोजचा खर्च उतरवायला काढलेलं हे पहिलं पाहिलं. कोणाच्या काळात झालं, कोणत्या पक्षाने केलं, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. हिशेब बरोबर आहे.

उलटं उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. बीआरटीएसच्या मार्गावर २०१३ साली बस धावू लागली, २०२५ मध्ये तो मार्ग काढायचं ठरलं. बांधायला पैसे लागले होते. मेट्रो ३१ मे २०२५ ला पहिल्या पाच स्थानकांवर धावली. मेट्रो चांगली की वाईट, वरून की खालून, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज वाद होतात. ती दररोज चालवायचा खर्च तिकिटातून किती निघणार आणि उरलेला कोण देणार, हा वाद मात्र मी टपरीवर ऐकला नाही. विधानसभेतसुद्धा फारसा नाही.

आता जे बोलणार आहे ते बोलायला जड जातंय.

गेल्या डिसेंबरच्या शेवटी भागीरथपुऱ्यात जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. माणसं आजारी पडली, माणसं गेली. ओळीने आठ वेळा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या गावात. दोष कोणाचा, हे मी या मंचावरून ठरवणार नाही, त्यासाठी चौकशी आहे, न्यायालय आहे. त्या आठवड्यात मला झोप आली नाही ती दुसऱ्या कारणाने.

मी आमदार होतो तेव्हा आपल्या भागाचे एक उपयंत्री माझ्या घरी आले होते. शांत माणूस. हातात चार पानं. आपल्या कोणत्या गल्लीतली पाण्याची वाहिनी किती जुनी आहे, कुठे ती नालीला लागून किंवा नालीतूनच जाते, कुठे जोड गळतात, सगळं हाताने लिहिलेलं. म्हणाले, "साहेब, हे बदलायला हवं. नव्या टाकीपेक्षा हे आधी हवं." मी चहा दिला, पानं ठेवून घेतली, एक पत्र जोडून वर पाठवली. आणि विसरलो. त्याच वर्षी मी भोपाळला खेटे घालून नवी टाकी मंजूर करून आणली. टाकी उंच असते, लांबून दिसते. जमिनीखालची वाहिनी कोणाला दिसत नाही. टाकीच्या उद्घाटनाला तुमच्यातले पुष्कळजण होते, तुम्ही मला हार घातला होता. त्या हाराला मी लायक नव्हतो.

आपल्या भागात भागीरथपुऱ्यासारखं काही झालं नाही. हे नशीब आहे, माझं काम नाही. जानेवारीत मी ते उपयंत्री कुठे आहेत याचा तपास केला. निवृत्त होऊन गावी गेलेत. फोन लागला. मी माफी मागितली. ते म्हणाले, "साहेब, मी सगळ्याच आमदारांना देत होतो." याच्यावर काय बोलावं?

वाहिनी बदलणं हे तसं पाहिलं तर बांधायचंच काम आहे. पण तिच्याकडे दर वर्षी पाहणं, नमुने घेणं, गळती शोधणं, वाल्व बदलणं, हे चालवायचं. ते करायला माणसं लागतात. जागा रिकाम्या राहिल्या की त्या वर्षी सरकारचे पगाराचे पैसे वाचतात, आणि हिशेबात ती काटकसर दिसते. महालेखापरीक्षक अशा गोष्टी अहवालात लिहितात, अहवाल पटलावर ठेवला जातो, लोकलेखा समितीकडे जातो. मी ते वाचत असे आणि मला वाटे, वाचलं म्हणजे झालं.

कोणी म्हणेल, चालवायला पैसे नाहीत तर सरकार तरी काय करणार? सगळे लाडली बहनाकडे बोट दाखवतात. मागे बसलेल्यांपैकी दोघांनी मला सुरुवातीलाच तेच विचारलं. आकडे सांगतो. सव्वा कोटीच्या वर बहिणी, महिन्याला आधी एक हजार, मग साडेबाराशे, आता पंधराशे. २०२५-२६ साठी १८,६६९ कोटी ठेवले होते. मोठी रक्कम आहे, मान्य. पण आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना विचारा त्या पैशांचं काय होतं. आमच्याकडच्या बाई त्यातून मुलीच्या शिकवणीची फी भरतात. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. मला तिच्यात वेगळीच गोष्ट दिसते. सरकारने मनावर घेतलं तर दर महिन्याला, न चुकता, कोट्यवधी लोकांना पैसे देता येतात, महसुली खर्च म्हणून. चालवायचा पैसा नाही असं नाही. तो ज्याच्यासाठी लोक विचारतात त्याला मिळतो. नालीतल्या वाहिनीबद्दल कोणी विचारत नाही.

आपल्या मराठी शाळांचंही असंच झालं. इमारती आहेत, काहींना जुन्या घराण्यांची नावं आहेत. मराठी शिकवणारा शिक्षक निवृत्त झाला, जागा भरली नाही, एक वर्ग हिंदीत मिसळला, मग दुसरा. पालकांनीही इंग्रजी शाळा पाहिली, मीसुद्धा माझ्या मुलांना तिकडेच घातलं, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवत नाही. घटनेच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं म्हटलंय. भोपाळला मराठी साहित्य अकादमी आहे, तिचे कार्यक्रम होतात, कवी येतात, टाळ्या मिळतात. पण एका शिक्षकाचा बारा महिन्यांचा पगार हा कार्यक्रम नसतो. आपल्या समाजाची शिष्टमंडळं माझ्याकडे यायची ती सभागृहासाठी, पुतळ्यासाठी, चौकाच्या नावासाठी. शिक्षकाच्या जागेसाठी दोनदा आली. दोन्ही वेळा त्याच काकू बरोबर होत्या.

आता मंडळाच्या यंदाच्या अर्जाविषयी. अध्यक्षांनी मला सांगितलंय की वाचनालयापर्यंत ज्येष्ठांना जिना चढवत नाही, लिफ्ट हवी, आणि सध्याच्या आमदारांकडे मी बरोबर यावं. येईन. ते दुसऱ्या पक्षाचे आहेत, तरी येईन, ओळख आहे. पण अर्जाला एक कागद जोडा. लिफ्टची वार्षिक देखभाल, वीज आणि ग्रंथपालाचं मानधन दर महिन्याला किती, आणि ते मंडळ कुठून देणार. मी पेन्सिलने मांडून पाहिलं. आपल्या सभासदांनी महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाइतके पैसे दिले तर भागतं. आज इथून जाताना कार्यवाहांच्या वहीत नाव लिहा, माझं पहिलं लिहिलंय. लिफ्टवर पाटी लावणार असाल तर तिच्यावर माझं नाव नको.

आणि एक काम मी केलंय. त्या उपयंत्रींच्या चार पानांची प्रत माझ्या जुन्या फायलीत सापडली. मागच्या आठवड्यात माहितीच्या अधिकारात अर्ज दिलाय. त्या पानांवरच्या प्रत्येक गल्लीचं नाव लिहून विचारलंय की वाहिनी बदलली का, कधी बदलली, आणि गेल्या वर्षभरात तिथल्या पाण्याचे नमुने किती वेळा तपासले. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की वाचनालयाच्या फळ्यावर लावतो. नाही आलं तर अपिलाचा कागद लावतो. आपापल्या गल्लीचं नाव यादीत आहे का ते पाहायचं असेल तर चार पानं इथे टेबलावर ठेवली आहेत. अक्षर जरा बारीक आहे, चष्मा लावून या.